कॉपर कधी मारलं?

अमिनोचा वास एकदा अंगाला लागला की साबणाने जात नाही. सोयाबीनची पेंड आम्लात शिजवायची, तिच्यातली प्रथिनं तुटली की आम्लाचा जोर मोडायचा, उरलेलं तपकिरी पाणी गाळून कॅनमध्ये भरायचं आणि गवताचं टॉनिक म्हणून विकायचं, असा आमचा धंदा आहे. बंगळूरच्या पीण्या या औद्योगिक वसाहतीत दोन लेथ कारखान्यांच्या मधल्या शेडमध्ये आमचं युनिट. डावीकडून तापलेल्या लोखंडाचा वास, उजवीकडून तेलाचा, आणि मध्ये आमचा, रात्रभर उघड्या राहिलेल्या आमटीचा. मी संध्याकाळी घरी पोचले की आई दारातच म्हणायची, "आली बघ आंबलेली डाळ. आधी न्हाणीत जा."

तिथे मला बावीस वर्षं झाली. रसायनशास्त्राची पदवी आहे, कार्डावर 'टेक्निकल' असं छापलेलं आहे, आणि काम काय, तर क्लब, कंपन्यांची आवारं, लग्नाची लॉन्स अशा ठिकाणी जाऊन पिवळ्या पडलेल्या गवताकडे गंभीर चेहऱ्याने बघायचं. या शहरात माणसांना टँकरचं पाणी पुरत नाही, पण लॉन हिरवंगारच पाहिजे असतं. आईला माझ्या कामाची गंमत वाटे. क्लबांमधलं ते भारी गवत म्हणजे शेवटी आपली हरळीच, गणपतीला वाहतो त्या दूर्वा. "दूर्वांना टॉनिक पाजून पगार घेणारी आपल्या घराण्यात तू पहिलीच," असं ती आल्यागेल्याला सांगायची.

आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचंच. महाराष्ट्रातून नव्याने आलेले लोक आमचं मराठी ऐकून हसतात, आणि आम्ही त्यांचं ऐकून. मी लग्न केलं नाही. भाऊ हैदराबादला. यशवंतपूरच्या घरात मी आणि आई, दोघीच. बाहेर दिवसभर कन्नड, हिंदी, इंग्रजी, आणि घरी आल्यावर आईशी मराठी, असं माझं आयुष्य चाललेलं होतं.

आईखेरीज मी मराठी बोलायचे ते एकाच माणसाशी. एका जुन्या क्लबच्या लॉनचे ते हेडमाळी. त्यांचंही घराणं आमच्यासारखंच, कधीकाळी इकडे येऊन राहिलेलं. मी त्यांना अण्णा म्हणायचे, ते मला अक्का म्हणायचे, वयाने माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठे असूनही. तीस वर्षं त्यांनी ते एकच लॉन सांभाळलं. क्लबच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं, तिथे ते आणि त्यांची बायको राहायचे. शहराबाहेर मागडीच्या बाजूला त्यांनी स्वतःचं घर बांधायला काढलं होतं. भिंती खिडक्यांच्या वरपर्यंत आल्या होत्या, स्लॅब बाकी होता. निवृत्तीला अकरा महिने होते. तेवढ्यात स्लॅब पडेल आणि क्वार्टर सोडून थेट आपल्या घरात जाता येईल, असा त्यांचा हिशेब होता. त्यांना मुलगा नव्हता. एक मुलगी, तुमकूरला दिलेली. "सगळं चालेल अक्का, पण जावयाच्या घरात राहायची पाळी नको," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कितीदा ऐकलं असेल कोण जाणे.

आता थोडं अमिनोबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. अमिनो ही जादू नव्हे. ऊन, सारखी कापणी, शेकडो लोकांचे बूट यांनी गवत दमतं. आपल्याला लागणारी अमिनो आम्लं गवत एरवी स्वतःच तयार करतं, पण त्याला ताकद खर्च करावी लागते. आम्ही ती आयती देतो. दमून आलेल्या माणसाला वाढलेलं ताट पुढे करावं तसंच ते. पण त्यात एक खोड आहे. पानावर आधी जे काही पडलेलं असेल ते अमिनो आपल्याबरोबर आत घेऊन जातं. पावसाळ्यात पानांवर ठिपके पडले की माळी कॉपर मारतात, म्हणजे तांब्याचं बुरशीनाशक. ते पानाच्या वर राहिलं तर औषध. अमिनोबरोबर पानाच्या आत गेलं तर गवत जळतं. दोन्हींमध्ये किमान पंधरा दिवस जाऊ द्यावे लागतात. म्हणून कुणीही काहीही विचारलं तरी माझा पहिला प्रश्न एकच असे, "कॉपर कधी मारलं?" बावीस वर्षांत तो चुकला नव्हता. मालक थट्टेने म्हणायचे, या बाईला लग्नाचं स्थळ आलं तरी ती आधी कॉपरचं विचारील.

अण्णांची फोनवर बोलायची एक पद्धत होती. आधी इकडचं तिकडचं, मग कामाचं, मग "सरी, ठेवू का मग अक्का?" (सरी म्हणजे कन्नडमधलं 'बरं'), आणि त्यानंतर खरं बोलणं सुरू व्हायचं. महत्त्वाचं जे काही असेल ते या 'ठेवू का' नंतर यायचं. आमच्या लोकांचं सगळंच तसं आहे. निरोप घेऊन उंबऱ्यात उभं राहिल्याशिवाय आम्हांला मुद्दा सुचत नाही. मी अण्णांच्या 'ठेवू का' नंतर वहीवर पेन टेकवून बसायचे.

आई ऑगस्टमध्ये गेली. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी इस्पितळ, सहाव्या दिवशी गेली. भाऊ आला, त्याने सगळं केलं. मी रडले नाही. धीराची म्हणून नव्हे, काही वाटतच नव्हतं म्हणून. शेजारणी मला रडवायला बघत होत्या, त्यांच्या मते ते चांगलं असतं. एक जण तर माझी पाठ चोळत बसली होती, कुकरची वाफ काढायची असल्यासारखी. मी भिंतीवरच्या कॅलेंडरातली गॅसवाल्याची तारीख बघत होते. सिलिंडर परवा येणार, हे मला नीट कळत होतं. आई गेली, हेही कळत होतं. दोन्ही सारख्याच अंतरावर होतं.

आई गेल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी अण्णांचा फोन आला.

"अक्का, कळलं," ते म्हणाले. सुतकाच्या घरी बोलायचं तसं ते जपून, शब्द मोजून बोलत होते. "अशा वेळी विचारू नये. पण पंधरा दिवसांवर क्लबचा वार्षिक दिवस आलाय. पानं पिवळी पडलीत हो. सेक्रेटरी रोज येऊन बघून जातात."

"अमिनो मारा," मी म्हटलं. "पंपाला पन्नास मिली. सकाळच्या उन्हाआधी."

"सरी," ते म्हणाले, आणि फोन बंद झाला.

सुतकाच्या घरून निघताना आपल्यात कुणी 'येतो' म्हणत नाही. गुपचूप उठून जायचं असतं. अण्णांनी फोनवरही ते पाळलं. 'ठेवू का' म्हणाले नाहीत, त्यामुळे 'ठेवू का' च्या नंतरचंही राहून गेलं. तीन दिवसांपूर्वी ठिपके दिसले म्हणून त्यांनी संपूर्ण लॉनवर कॉपर मारलं होतं.

हे सगळं त्या रिवाजावर ढकलून मला मोकळं होता आलं असतं. पुढे काही दिवस मी तसं केलंही. पण खरं सांगायचं तर प्रश्न माझ्या डोक्यात आला होता. 'कॉपर कधी मारलं', हे तीन शब्द मला फोन कानाला असतानाच आठवले. ते तोंडातून काढायला जेवढा जोर लागतो तेवढा माझ्यात नव्हता. बाहेर भाऊ ओली धोतरं दोरीवर वाळत घालत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले, आणि तेवढ्यात फोन बंद झाला. परत लावता आला असता. तोही लावला नाही.

सुतक फिटल्यावर कामावर गेले त्याच दिवशी मालकांनी मोबाइलवर फोटो दाखवला. लॉनवर पट्टे उठले होते, काळपट तपकिरी. पाठीवर पंप घेऊन माणूस जसा येरझाऱ्या घालतो, अगदी तसे. अण्णा कुठून कुठे चालले, कुठे वळले, सगळं गवतावर दिसत होतं.

"लेबलवर सूचना आहे आपली," मालक म्हणाले. "कॉपरबरोबर वापरू नये. स्पष्ट छापलंय. तुम्ही फक्त तेवढंच बोला."

लेबल इंग्रजीत आहे. अण्णांना कन्नड वाचता येतं. पण मालक खोटं बोलत नव्हते, सूचना छापलेली होतीच.

मी क्लबवर गेले. अण्णा लॉनच्या कडेला उभे होते. मला पाहून ते पुढे आले नाहीत. मी वाकून पानं बघितली, मुळं उकरून बघितली. मुळं पांढरी, जिवंत होती. हरळी अशी मरत नाही, महिन्या-दीड महिन्यात परत आली असती. पण वार्षिक दिवस चार दिवसांवर होता.

"कॉपर मारलं होतं," अण्णा म्हणाले. "तुम्हांला सांगायचं होतं. पण अशा घरी किती बोलायचं."

"मी विचारलं नाही, अण्णा."

"तुमची आई गेली होती. तुम्ही काय विचारणार." आणि मग खालच्या पट्ट्यांकडे बघत, "तीस वर्षं झाली. मलाही कळायला पाहिजे होतं."

वार्षिक दिवस शेवटी आतल्या हॉलमध्ये झाला. पुढच्या सोमवारी कमिटीने अण्णांना बोलावलं आणि आमच्या युनिटमधूनही कुणीतरी यावं असं कळवलं. क्लबमध्ये आधीपासून बोललं जात होतं की लॉनचं काम एखाद्या कंत्राटी कंपनीला देऊन टाकावं, क्वार्टर पाडून तिथे गाड्या लावाव्यात. निमित्त नव्हतं, ते आता मिळालं होतं. अण्णांना काढलं तर महिनाअखेरीला खोल्या रिकाम्या कराव्या लागणार, आणि मागडीच्या घरावर अजून आभाळच होतं. हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे अण्णांना ठाऊक होतं.

मी सांगायचं ठरवून गेले होते. बसमध्ये इंग्रजी वाक्य मनात जुळवलंही होतं, मी फोनवर सल्ला दिला आणि आवश्यक तो प्रश्न विचारला नाही. साधं वाक्य होतं. त्यात व्याकरणाची अडचण नव्हती.

कमिटीच्या खोलीबाहेर पायऱ्यांवर अण्णा भेटले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. "अक्का," ते म्हणाले, "तुम्ही काही बोलू नका. आत्ता आत्ता आई गेलीय तुमची. त्यात नोकरीचं काही व्हायला नको. मी सांगतो, मीच आपल्या मनाने मारलं म्हणून."

"नाही अण्णा, असं कसं."

"नको. खरंच नको. तुम्ही बोलू नका."

आत लांब टेबल होतं, पाच-सहा माणसं, पाण्याच्या बाटल्या. सेक्रेटरींनी मला विचारलं, तुमच्या कंपनीने हे मारायला सांगितलं होतं का? मी म्हटलं, "लेबलवर सूचना छापलेली आहे." एवढंच. ते अण्णांकडे वळले. अण्णांनी कन्नडमध्ये सांगितलं की मॅडमना यातलं काही माहीत नव्हतं, त्यांच्या घरी मयत झालं होतं, मी विचारलंच नाही, घाई झाली, चूक माझी. सांगताना मध्ये ते थांबले, माझ्याकडे बघितलं, मग पुढे बोलले. मी टेबलावरच्या बाटलीचं झाकण बघत होते. आता बोलायला हवं, हे मला कळत होतं. कॅलेंडरातली गॅसची तारीख कळत होती तसंच.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "झालं." आणि क्वार्टरकडे चालू लागले. त्यांची बायको दारात उभी होती. मी बसस्टॉपवर गेले.

महिनाअखेरीला त्यांनी खोल्या रिकाम्या केल्या. त्यानंतर आठवड्याभरात पट्ट्यांमधून हिरवे फुटवे वर आले, आणि पुढच्या महिन्यात लॉन असं झालं की जुने सभासद कंत्राटी कंपनीचं कौतुक करू लागले. कंपनीने काहीएक केलं नव्हतं, फक्त पाणी दिलं होतं. हे मला माहीत आहे, कारण अमिनोची ऑर्डर तशीच चालू राहिली आणि दर महिन्याला लॉन बघायला मीच जात होते. नवा सुपरवायझर हुशार आहे. कॉपर कधी मारलं ते मी विचारायच्या आधीच सांगतो.

घरी मी टीव्ही लावून जेवायचे. मराठी बोलायला कुणी उरलं नव्हतं. दिवस दिवस एक मराठी शब्द तोंडातून निघत नसे, आणि त्याचंही फार काही वाटत नसे. आईच्या साड्या भावाच्या बायकोने नेल्या. कपाटाचा तो खण रिकामा झाला, त्यात मी जुनी बिलं ठेवली.

डिसेंबरात एका दुपारी, डबा उघडायच्या आधी, मी क्लबच्या सेक्रेटरींना ईमेल लिहिला. सगळं लिहिलं. फोन कधी आला, मी काय सांगितलं, काय विचारलं नाही, आणि कमिटीपुढे काय लपवलं. त्याच दिवशी का लिहिला, हे मला सांगता येणार नाही. काही मोठं मनात आलं नव्हतं. भूक लागली होती एवढं आठवतं. मालकांना न दाखवता पाठवून दिला. नोकरी गेली तर जाऊ दे, असंही मनात नव्हतं. खरं तर नोकरी जाईल हा विचारच आला नाही.

दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं. आपण कळवल्याबद्दल आभार, विषय आता संपलेला आहे. पुढचे कॅन शुक्रवारपर्यंत पाठवावेत.

त्या रविवारी मी यशवंतपूरहून तुमकूरची गाडी धरली. पत्ता अण्णांच्या बायकोला फोन करून घेतला होता. स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटं. खाली दुकान, वर जिना, जिन्यापाशी चपलांचा ढीग. अण्णा बाहेरच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. घरात दोनच खोल्या होत्या, तेव्हा त्यांची वळकटीही व्हरांड्यातच भिंतीला टेकवलेली होती. मला बघून ते उठले, हसले, आणि 'या' म्हणायच्या आधी त्यांनी आतल्या दाराकडे नजर टाकली. मुलगी बाहेर आली. तिने मान डोलावली, तेव्हा ते मला म्हणाले, "बसा अक्का."

मी बसले. मागडीच्या घराचं विचारलं. स्लॅब पडला नव्हता. त्यांच्या तब्येतीचं विचारलं, बायकोच्या गुडघ्यांचं विचारलं. मग म्हटलं, "अण्णा, मी क्लबला लिहून कळवलं. मीच सांगितलं होतं, आणि कॉपरचं विचारलं नाही, असं सगळं."

"स्वल्प हळू, अक्का," ते म्हणाले. "जावयांची रात्रपाळी आहे. आत झोपलेत."

मी तेच पुन्हा हळू आवाजात सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

"काय म्हणाले ते?" त्यांनी विचारलं.

"विषय संपला म्हणाले."

"हं."

मुलीने कॉफी आणून ठेवली आणि ती आत गेली. अण्णांनी दार पूर्ण लागायची वाट पाहिली.

"तुम्हीच नको म्हणालात ना, अण्णा," मी म्हटलं. मला ते बोलायचं नव्हतं, पण तोंडातून निघालं. "पायऱ्यांवर."

"नको म्हणालो," ते म्हणाले. "नको म्हणायचं असतं, अक्का. पंक्तीत वाढणाऱ्याला आपण नको म्हणतो की नाही, तसं. तो वाढणार असं धरूनच म्हणतो." मग म्हणाले, "मला वाटलं होतं तुम्ही बोलाल. आत बसलो तरी वाटत होतं. तुमच्याकडे बघितलं पण मी एकदा."

हे सगळं ते कुजबुजत म्हणाले. लॉनच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या माळ्याला हाक मारणारा माणूस माझ्यापासून हातभर अंतरावर बसून बोलत होता, आणि मला पुढे वाकावं लागत होतं. आई गेल्यापासून तोवर मला कशाचंही काही वाटलं नव्हतं. त्या व्हरांड्यात मला लाज वाटली, इतकी की पेला हातातून खाली ठेवावा लागला.

आत कुणीतरी कूस बदलल्याचा आवाज झाला. अण्णा बोलायचे थांबले, आणि आवाज पुन्हा शांत होईपर्यंत आम्ही दोघेही तसेच गप्प बसून राहिलो.